वर्ग नसलेली पानं

हितेशला तापात दवाखान्यात नेलं तेव्हा त्याचा कॉम्प्युटर चालूच राहिला. डेंग्यू निघाला आणि चौथ्या दिवशी तो गेला. घरात माणसांची रीघ लागली. रोडपालीतली भावकी आली, बेलपाड्याच्या आत्या आल्या, भामाच्या माहेरची नेऱ्याकडची माणसं आली. माडीवरच्या खोलीत तो डबा घूं घूं करत चालूच आहे, हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही. दहावं झाल्यावर भामा खोली झाडायला वर गेली. केरसुणीचा धक्का टेबलाला लागला, माउस हलला आणि काळा पडदा एकदम उजळला.

पडद्यावर सगळं इंग्रजीत होतं. भामा नववी शिकलेली. वरच्या कोपऱ्यात मुलाचं नाव होतं, तेवढं तिला लागलं. तिने केरसुणी खाली टाकली आणि जिन्यातून मुलीला हाक मारली.

दिपिका पनवेलला कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती. वर येऊन तिने पडदा पाहिला आणि दारातच थांबली.

"ह्ये काय गो दिपू? त्याचा नाव लिवलाय हितं."

"दादाचं विकी आहे ते."

"तो दिवसभर हितंच बसायचा. काय करायचा काय?"

हा प्रश्न या घरात पूर्वीही विचारला गेला होता, पण वेगळ्या आवाजात. हितेशचा बाप कमळाकर लोखंड बाजारातल्या वजनकाट्यावर कामाला होता. मुलगा डिप्लोमा करून घरी बसला, मिळालेली नोकरी सहा महिन्यांत सोडून आला, तेव्हापासून बापलेकांचं धड बोलणं नव्हतं. एकदा कमळाकरने रागाने भिंतीतला प्लग उपटला होता. "पोरासोरांचा खेल खेलतंय," म्हणाला होता.  बाप खाली गेल्यावर हितेशने प्लग परत लावला.

दिपिका खुर्चीत बसली. "एक गेम आहे आई, समुद्रावरचा. 'नाइन शोल्स' म्हणून. जहाज घ्यायचं, बेटं शोधायची, मासे पकडायचे. त्या गेमची सगळी माहिती खेळणाऱ्यांनीच मिळून लिहून ठेवलीये, तेच विकी. कुठल्या बेटावर काय मिळतं, कुठला मासा कशाने पकडायचा. हजारो पानं आहेत. जगभरातले लोक लिहितात. आणि दादा त्यांच्या कॅटेगरीज लावायचा."

"म्हंजे?"

"तू सुकी मासळी कशी ठेवतेस? बोंबील एका डब्यात, जवळा दुसऱ्यात, वाकट्या तिसऱ्यात. आणि डबे सगळे एका फळीवर. तसंच. एकेक पान उचलून बरोबर डब्यात टाकायचं, आणि डबा बरोबर फळीवर ठेवायचा. नाहीतर हजार पानांत कुणाला काही सापडणार नाही. दादा तिथला मोठा माणूस होता. बाकीचे त्याला विचारायचे."

आपल्या मुलाला कुणी काही विचारत असेल हे भामाला नवीन होतं. ती वाकून पडद्याकडे बघत राहिली. मधोमध एक पिवळी पट्टी होती.

"ह्ये काय लिवलाय?"

दिपिकाने वाचलं. "ब्रॅम म्हणून एकजण आहे, हॉलंडचा. तो विचारतोय, हितेश कुठे आहेस? बरेच दिवस दिसला नाहीस. मासे तुझी वाट बघतायत."

"त्याला कोनी सांगला नाय?"

"कोण सांगणार?" दिपिकाने हात कीबोर्डवर ठेवले. भामाने तिचं मनगट धरलं.

"नको. आज ऱ्हाऊ दे."

आठवडाभर ती रोज दुपारी वर जाऊन पडद्यासमोर बसायची, नुसतीच. मग एके दिवशी तिने दिपिकाला विचारलं, "मना शिकव. डब्यात कसा टाकायचा?"

दिपिकाला आधी हसू आलं, मग रडू. पण तिने शिकवलं. ज्या पानांना अजून वर्ग, म्हणजे डबा, मिळालेला नाही त्यांची एक यादी विकी आपोआप बनवतं. त्यातलं एक पान उघडायचं. तळाशी जायचं. दोन चौकोनी कंस, कॅटेगरी हा शब्द, दोन टिंबं, वर्गाचं नाव, कंस बंद. खालचं बटण दाबायचं. मग पान यादीतून जातं आणि आपल्या जागी जाऊन बसतं.

पहिलं पान लावायला भामाला अर्धा तास लागला. ते एका होडीचं होतं. चित्र होतं म्हणून कळलं. होड्यांच्या वर्गाचं नाव तिने एकेक अक्षर शोधून टाईप केलं. पान यादीतून गेलं, आणि खाली बारीक अक्षरांत उमटलं की हे काम हितेशने केलं. आत्ता, या मिनिटाला. दिपिकाने वाचून दाखवल्यावर भामा कितीतरी वेळ त्या ओळीवर बोट ठेवून बसली.

दुसऱ्या दिवशी पिवळी पट्टी आली. ब्रॅमने लिहिलं होतं, परत आलास! बरा आहेस ना?

"आई, आता सांगायला पाहिजे," दिपिका म्हणाली. "हे बरोबर नाही. त्यांना वाटतंय दादाच आहे."

"सांगू."

"कधी?"

"सांगू म्हनला ना." भामाने पदर तोंडाला लावला. "सगलीकडं तर सांगून झाला. रेशनकारडातून नाव काडला. बँकेत सांगला. ह्या एकाच जागी तो हाय. ऱ्हाऊ दे थोडे दिवस."

 दिपिकालाही ती पिवळी पट्टी बरी वाटली होती, हे तिने आईला सांगितलं नाही. तिने ब्रॅमला उत्तर दिलं नाही, एवढंच.

हिवाळा असा गेला. कमळाकर सकाळी डबा घेऊन काट्यावर जायचा, दिपिका कॉलेजला. भामा स्वयंपाक उरकून माडीवर चढायची. होड्या झाल्या, शिडं झाली, दोर आणि नांगर झाले. चित्र असलेली सोपी पानं ती आधी उचलायची. अडलं की दिपिकाची डिक्शनरी उघडायची. इंग्रजी शब्द तिच्या ओळखीचे होऊ लागले. कुणी 'छान काम हितेश' असं लिहिलं की तेवढं तिला आता स्वतःलाच वाचता यायचं. जानेवारीत त्याचा वाढदिवस आला. तीनचार अनोळखी माणसांनी त्याला शुभेच्छा दिल्या. भामाने त्या दिवशी खीर केली. कमळाकरने ताटात वाटी पाहिली आणि ती तशीच ठेवून उठला.

फेब्रुवारीत दिपिकाची परीक्षा जवळ आली. ती मैत्रिणीकडे अभ्यासाला जाऊ लागली. होड्या संपल्या होत्या. भामा माशांकडे वळली.

इथे तिला कुणाची मदत नको होती. खाडीच्या काठावर तिचा जन्म गेलेला. पण उघडून बघते तर चिंबोरी माशांत नव्हती. कोळंबी नव्हती. शिंपल्यातल्या तिसऱ्या, कालवं, काहीच नव्हतं. ती सगळी कवचवाल्या प्राण्यांच्या निराळ्या वर्गात टाकलेली होती. भामाला वाटलं, पोराकडून राहून गेलं असेल. मासळी म्हटलं की तिच्या लेखी सगळं आलं. तिने एकेक चिंबोरी उचलून माशांत आणली. दोन दुपारी त्यातच गेल्या.

मग तिला आणखी एक यादी सापडली. वर्ग नसलेले वर्ग. म्हणजे असे डबे, जे कुठल्याच फळीवर ठेवलेले नाहीत. त्या यादीत 'समुद्र' हा एक होता. भामाला हळहळ वाटली. एवढा मोठा समुद्र, आणि त्याला कुणी जागाच दिली नाही. तो सगळ्यांत वरचा वर्ग आहे, सगळं त्याच्याच पोटात आहे, म्हणून त्याच्या वर काही असायचं कारण नाही, हे तिला कोण सांगणार? तिने समुद्राच्या पानाच्या तळाशी जाऊन लिहिलं, मासे.

झालं असं की मासे आधीच समुद्रात होते. आता समुद्र माशांत गेला. मुख्य पानावरून मासे शोधायला जाणारा माणूस समुद्रातून माशांत, माशांतून पुन्हा समुद्रात असा गरगरत राहू लागला. त्यातून गेममध्ये त्याच आठवड्यात मासेमारीची मोठी स्पर्धा होती. खेळणारे एक साधन वापरायचे, ते विकीच्या याद्यांवर चालायचं. ते बंद पडलं.

केस्ट्रेल नावाच्या एका माणसाने सगळं पूर्ववत केलं. दुसऱ्या दुपारी भामाने पाहिलं तर तिची मेहनत पुसली गेलेली. तिला वाटलं, आपलंच बटण दाबायचं राहिलं. तिने पुन्हा सगळ्या चिंबोऱ्या माशांत आणल्या, समुद्रही आणला. तो पुन्हा पुसला गेला. तिने पुन्हा लावला. पिवळ्या पट्ट्यांवर पट्ट्या येत होत्या, मोठमोठ्या, आणि त्यांत 'छान' हा शब्द कुठेच नव्हता. ती डिक्शनरी घेऊन बसली. 'ड्रंक' म्हणजे प्यायलेला. भामाला वाटलं, पाणी प्यायल्याबद्दल काहीतरी असेल.

तिसऱ्या दिवशी तिने बटण दाबलं आणि पडदा लाल झाला.

दिपिका संध्याकाळी परीक्षेचा पहिला पेपर देऊन आली तेव्हा आई जिन्याच्या पायरीवर बसलेली होती. "दिपू, माज्याकडून कायतरी मोडला गो."

दिपिकाने वर जाऊन सगळं वाचलं. वाचायला बराच वेळ लागला. हितेशला ब्लॉक केलं होतं. तो दारू पिऊन काम करतोय का, असं केस्ट्रेलने विचारलं होतं. हा माणूस स्वतःच्या हाताने बांधलेली रचना मोडतोय, याच्या हातात अधिकार ठेवणं धोक्याचं आहे, असं लिहून त्याने मतदान लावलं होतं. ज्यांनी जानेवारीत शुभेच्छा दिल्या होत्या त्यांतल्या दोघांनी विरोधात मत दिलं होतं. ब्रॅमने लिहिलं होतं, थोडं थांबा, हा असा वागणारा माणूस नाही. पण तो एकटाच होता.

"काय बोलतात?" भामाने विचारलं.

"काही नाही."

"सांग."

दिपिकाने सांगितलं. सगळं सांगितलं नाही, पण पुरेसं. भामा पडद्याकडे वळली. "त्याला बेवडा बोलले? त्यानं तर कवा हात पन नाय लावला." मग हळू आवाजात म्हणाली, "लिव. आता लिव त्यांना. मीच केला सगला, त्याचा काय दोष नाय."

ब्लॉक केलेल्या माणसाला स्वतःच्या चर्चेच्या पानावर तेवढं लिहिता येतं. दिपिकाने लिहिलं. मी हितेशची बहीण आहे. माझा भाऊ ऑक्टोबरमध्ये वारला. त्यानंतरचं सगळं काम आमच्या आईने केलं आहे. तिला इंग्रजी नीट येत नाही. तिला हे काम चालू ठेवायचं होतं. कृपा करून भावाचं नाव खराब करू नका.

तिने बटण दाबलं. भामा मागे उभी होती. पान उघडलं, अक्षरं उमटली.

"गेला का?"

"हो, गेलं."

"तिकडं पन गेला आता," भामा म्हणाली आणि खाली निघून गेली.

केस्ट्रेलचं उत्तर तासाभरात आलं. ब्लॉक झालेली माणसं हटकून मरतात, असं त्याने लिहिलं होतं. ही गोष्ट मी याआधीही ऐकली आहे, पुरावा द्या. मृत्यूचा दाखला कपाटात होता. दिपिकाने तो काढला नाही. "दादाचा दाखला मी त्या माणसाच्या तोंडावर नाचवणार नाही," ती म्हणाली. मतदान त्याच दिवशी संपलं. हितेशचे सगळे अधिकार गेले.

पण ब्रॅमने ईमेलवर निराळं पत्र पाठवलं. तुमच्याशी बोलता येईल का, एवढंच त्यात होतं. रविवारी दुपारी कमळाकर एका हळदीला कामोठ्याला गेला असताना त्यांनी स्काइप लावलं. ब्रॅम हितेशच्या वयाचा असेल असं दिपिकाला वाटलं होतं. पडद्यावर आला तो साठीचा माणूस, जाड चष्म्याचा, स्वेटर घातलेला. त्याच्यामागे भिंतीवर जहाजाचं चित्र होतं. त्याने दिपिकाला दोनचार गोष्टी विचारल्या, कुठे राहता, कसला ताप होता. तो संशयाने विचारत नव्हता, पण विश्वासही ठेवत नव्हता. भामा बाजूला, पडद्याबाहेर बसली होती. मध्येच तिने दिपिकाला विचारलं, "काय म्हनतो तो?"

ब्रॅम बोलायचा थांबला. आवाजाच्या दिशेने वळल्यासारखी त्याने मान कलती केली. मग त्याने एक शब्द उच्चारला, अगदी सावकाश, जपून.

"जेवाला?"

दिपिकाला कळेना. त्याने समजावून सांगितलं. ते दोघे कधीकधी काम करताना एकमेकांशी बोलायचे, माइकवरून. दर वेळी मागून एक बाई हाक मारायची, आणि हितेश म्हणायचा, मला जायला हवं. ब्रॅमने त्याला त्या शब्दाचा अर्थ विचारला होता. हाच तो आवाज, तो म्हणाला.

दिपिकाने हे मराठीत सांगेपर्यंत भामा थांबलीच नाही. तो शब्द ऐकला तेव्हाच तिने हुंदका दिला होता. ब्रॅमने चष्मा काढला.  मग तो म्हणाला की मला माफ करा, मी आधी ओळखायला हवं होतं. हितेश काम कसं करायचा ते सांगू का, असं त्याने विचारलं. भामाने होकाराची मान हलवली. तो बराच वेळ बोलत राहिला आणि दिपिका जमेल तसं सांगत गेली. हितेश चिवट होता. भांडायचा, पण चूक पटली की कबूल करायचा. नवीन आलेल्यांना हसायचा नाही.

"नोकरी का सोडली, ते काय बोलला होता का त्याला?" भामाने विचारलं.

ब्रॅमला ते माहीत नव्हतं. आपण कधी त्याबद्दल बोललो नाही, असं तो म्हणाला.

मग ब्रॅमने आपल्याला काय करता येईल आणि काय नाही ते सांगितलं. खातं बंदच राहील. मेलेल्या माणसाच्या खात्यातून दुसऱ्या कुणी काम करणं नियमात बसत नाही. मतदान झालं ते झालं, ते पुसता येत नाही. पण तो हितेशच्या पानावर खरी हकीकत लिहील. आणि 'दिवंगत सदस्य' असा एक नवा वर्ग करून त्याचं पान त्यात ठेवील.

त्याने तसं केलं. पानावर चार ओळी आल्या. तळाशी वर्गाचं नाव आलं. वर्ग उघडला की आत एकच नाव, हितेशचं. काही जणांनी खाली दुःख व्यक्त केलं. केस्ट्रेलने काही लिहिलं नाही. त्या मतदानाचं पान मात्र हितेशच्या नावाने शोधलं की अजूनही सगळ्यांत आधी यायचं.

भामा आता काही लावायची नाही. दुपारी वर जायची, तो एका नावाचा वर्ग उघडायची, बघायची आणि खाली यायची.

मे महिन्यात एक दिवस वर्ग उघडलाच नाही. त्या जागी दोन ओळी होत्या. तिने दिपिकाला बोलावलं. विकीची साफसफाई करणाऱ्या कुणा नवीन मुलाने तो वर्ग काढून टाकला होता. कारण लिहिलं होतं, पाचांपेक्षा कमी पानं असलेले वर्ग ठेवायचे नाहीत, असा नियम आहे. दिपिका संतापली. तिने ब्रॅमला लिहिलं. उत्तर आलं नाही. त्याचं शेवटचं काम मार्चमधलं होतं. त्यानंतर तो तिथे कुणालाच दिसला नव्हता. त्याला काय झालं, कुणाला माहीत नव्हतं.

मग ती तो नियम शोधत गेली. कुणी केला, कधी केला, हे त्या विकीवर सगळं नोंदलेलं असतं. नियम दोन वर्षांपूर्वीचा होता. हितेशने केलेला. त्याने कारण लिहिलं होतं, एकट्या पानाला वर्गाची गरज नसते.

दिपिकाने पडद्यावरचं ते पान बंद करायचा प्रयत्न केला, पण भामाला नाव दिसलं होतं. "त्याचा नाव कशाला हाय तितं?"

दिपिकाला खोटं बोलणं जमलं नाही.

भामाने ऐकून घेतलं. "मी लिहिते त्यांना," दिपिका म्हणाली, "भांडते. असं कसं काढतात?"

"नको," भामा म्हणाली. "त्याचाच नियम हाय ना. कोनाशी भांडशील?"

जूनमध्ये दिपिकाला वाशीला पार्टटाइम नोकरी लागली. ती सकाळी कॉलेजला जायची, तिथून कामावर, आणि अंधार पडताना घरी यायची. इंटरनेट कुणी वापरत नाही म्हणून कमळाकरने बंद करून टाकलं.  पण दुपारचं काम उरकलं की भामाचे पाय आपोआप जिन्याकडे वळायचे. ती वर जाऊन खुर्चीत बसायची. कॉम्प्युटर चालू करायची नाही.

एक दिवस काट्यावर मशीन बिघडलं म्हणून कमळाकर लवकर घरी आला. खाली कुणी दिसेना. तो वर आला. मुलगा गेल्यापासून तो या खोलीत पहिल्यांदाच पाऊल टाकत होता. भामा काळ्या पडद्याकडे तोंड करून बसली होती. तो थोडा वेळ दारात उभा राहिला, मग आत येऊन खाटेच्या कडेवर टेकला.

"हितं बसतंस तू रोज?"

"हां."

त्याने खोलीभर नजर फिरवली. हुकाला हितेशचा शर्ट अजून लटकत होता. मग त्याने विचारलं, "तो काय करायचा गो नक्की, हितं बसून?"

भामाने सांगायचा प्रयत्न केला. समुद्रापासून सुरुवात केली, मग माशांवर आली, मग होड्या. डबे आणि फळी. मध्येच तिचं तिलाच चुकलं, आणि कमळाकरच्या तोंडावरून तिला कळलं की त्याला काहीच समजत नाहीये.

"सगल्यांला आपापल्या जागी लावायचा," ती शेवटी म्हणाली.

"मंग? झाला लावून?"

"नाय," भामा म्हणाली. "लय ऱ्हायला."

कमळाकरने मान डोलावली.  खाली रस्त्यावरून लोखंडाचा ट्रेलर गेला, खिडकीचं तावदान थरथरलं. दोघं तिथेच बसून राहिले.